देवाची कृपा : कोल्हापुरात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या अभ्यासवर्गात, घरोघरच्या प्रार्थनासभांत आणि कधी दवाखान्याच्या बाकावर बसून विचारले गेलेले हे प्रश्न आहेत. विचारणाऱ्यांत पिढीजात ख्रिस्ती आहेत, नुकतेच बायबल वाचायला लागलेले आहेत, आणि शेजारधर्माने सहज चौकशी करणारेही आहेत. लिहिणारा मराठी प्रोटेस्टंट घरातला आहे. कॅथलिक बांधवांची शिकवण जिथे वेगळी पडते तिथे तसं सांगितलं आहे. सोबत दिलेले बायबलचे संदर्भ स्वतः उघडून वाचा, ही मनापासून विनंती.

कृपा म्हणजे नेमकं काय?

ज्याच्यावर आपला काडीचाही हक्क नाही ते देवानं आपणहून, प्रेमापोटी देणं म्हणजे कृपा. ख्रिस्ती विश्वासात ही कृपा एका व्यक्तीच्या रूपानं आली, ती व्यक्ती म्हणजे येशू ख्रिस्त. पापामुळे माणूस देवापासून दुरावला आणि परतीची वाट त्याला स्वतःच्या बळावर चालता येईना. म्हणून देव स्वतः माणसापर्यंत आला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आपण अजून पापी होतो त्याच वेळी ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं ख्रिस्ताचा प्रेषित पौल लिहितो (रोम. ५:८). आपण सुधारेपर्यंत देव थांबला नाही. पुढची सगळी उत्तरं या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

काही न करता मिळते हे पटत नाही. देव हिशेब बघत नाही का?

आपल्या भागात हे पटायला जडच जातं. सकाळी दूध संस्थेत किटली नेली की नमुना घेतात, फॅट लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) लागतो आणि त्याप्रमाणे दर पावतीवर छापून येतो. म्हशीच्या दुधाला एक दर, गाईच्या दुधाला दुसरा. यात अन्याय काहीच नाही, व्यवहार असाच चोख असायला हवा. अडचण तेव्हा होते, जेव्हा देवाच्या दारातही आपण तीच किटली घेऊन रांगेत उभे राहतो. महिन्यातले सगळे रविवार चर्चला गेलो, उपवास केला, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला, कुणाचं वाईट केलं नाही. आता फॅट बघा आणि दर सांगा.

येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०:१-१६) या रांगेलाच धक्का देतो. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचलाही. दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात. धनी म्हणतो, गड्या, ठरलेलं तुला दिलं, तुझं मी काही मारलं नाही. मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत का सलतं? हा दाखला ऐकून ज्याला आधी थोडा राग येत नाही, त्यानं तो नीट ऐकला नाही असं मला वाटतं. आपण स्वतःला नेहमी पहाटेच्या मजुरांत धरतो ना!

आणि देव हिशेब बघत नाही असं तर बायबल कुठंच म्हणत नाही. पापाची किंमत आहे आणि ती जबर आहे. ती ख्रिस्तानं भरली, हीच सुवार्ता.

विश्वास तरी मीच ठेवतो ना? मग ते माझंच कर्म झालं की!

प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलेजियस नावाच्या शिक्षकानं शिकवलं, की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीनं देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की माणसाची इच्छाच आजारी आहे. देवाकडं वळावंसं वाटणं हेसुद्धा देवानं आधी केलेलं काम आहे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलेजियसची शिकवण अमान्य केली. पुढे अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी आपल्याआधी धावणाऱ्या कृपेबद्दल शिकवलं: माणूस हाक मारण्याच्या आधीच देव त्याच्यात काम करत असतो आणि प्रतिसाद देण्याचं बळही तोच देतो.

माणसाच्या प्रतिसादाला किती जागा द्यायची यावर पंथापंथांत मतभेद आहेत, ते राहणार. पण विश्वास ही देवाला दिलेली किंमत आहे असं कुणीच मानत नाही. विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं.

मग सत्कर्मं कशासाठी करायची?

इफिसकरांस पत्रात याचं उत्तर सलग तीन ओळींत आहे (२:८-१०). तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये. आणि आपल्याला घडवलं ते सत्कृत्यांसाठी. क्रम लक्षात ठेवा. आधी तारण, मग काम. याकोब तर स्पष्टच सांगतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे (याकोब २:१७).

आपल्या शेजारचंच बघा. मिरजेचा मिशन दवाखाना मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केला. ते ज्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतल्या एका) परंपरेतून आले, ती परंपरा कर्मानं तारण मिळतं हे मुळीच मानत नाही. तरी त्या माणसानं जवळजवळ चाळीस वर्षं या मातीतल्या रुग्णांसाठी घातली. स्वर्गातली जागा कमवायची चिंता डोक्यावरून उतरली की हात सेवेला मोकळे होतात, हे मी कितीतरी साध्या माणसांतही पाहिलं आहे.

मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. लहानपणी बाप्तिस्मा (पाण्याचा दीक्षा-संस्कार) झाला, मोठेपणी दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली) झालं. मला वेगळी कृपा कशाला?

या प्रश्नावर मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो, कारण आमच्या मंडळ्यांत हीच दुखरी जागा आहे.

उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५:११-३२) आपल्याला तोंडपाठ असतो. धाकटा वाटणी मागून घेतो, दूर देशी उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा शुद्धीवर येतो आणि घराकडं निघतो. बाप त्याला लांबून बघतो आणि धावत सुटतो. तयार करून आणलेलं क्षमेचं भाषणही पुरं होऊ देत नाही. झगा, अंगठी, जोडा मागवतो. इथवर आपले डोळे भरून येतात आणि आपण पुस्तक मिटतो.

पण दाखला तिथं संपत नाही. थोरला शेतातून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, कारण कळताच बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे किती जणांच्या ध्यानात राहतं? थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला साधं करडूही दिलं नाही. त्याच घरात, त्याच ताटात जेवलेला मुलगा स्वतःला चाकर समजत होता. धाकटा परदेशात हरवला होता आणि हा बापाच्या अंगणात.

आपल्यातले पुष्कळ जण हे थोरले आहेत. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून आजपर्यंत इथं किती पिढ्या झाल्या! आजोबा पंच होते, वडील कॉयरमध्ये होते, आई महिला मंडळात. हा वारसा अनमोल आहे, मी त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. तरी वारशानं घर मिळतं, बाकावरची जागा मिळते. बापाच्या मनातला आनंद मात्र ज्याचा त्यानं आत जाऊन घ्यावा लागतो. दाखल्याच्या शेवटी थोरला आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुभव इथं आठवतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्यांनीच पुढे साक्षीत लिहून ठेवलं. संस्कृतची एवढी प्रकांड पंडिता हे मोकळेपणी सांगू शकली, मग आपण का संकोचावं?

म्हणजे बाप्तिस्म्याला काही अर्थ नाही?

आहे, आणि मोठा आहे. देवाच्या वचनाचा तो दृश्य शिक्का आहे, आणि कॅथलिक शिकवणीत तर त्या संस्कारातून कृपा प्रत्यक्ष दिली जाते. रमाबाईंनी आपला बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. जे पाण्यात दिलं गेलं होतं ते मनानं घेणं बाकी होतं.

मी फार वाईट वागलोय. माझ्यासारख्याला क्षमा आहे का?

आहे.

एक आजोबा आठवतात. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर टेकून बसलेले, बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. बांधावरून सख्ख्या भावाशी वैर, त्यापायी कोर्टकचेरी, दारू, बायकोवर हात टाकणं, सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "आमच्यासारख्याला घेतोय व्हय तुमचा देव? आता काय उरलंय माझ्यात?" मी त्यांना वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट वाचून दाखवली (लूक २३:३९-४३). त्या माणसाजवळ खरंच काही उरलं नव्हतं. हातपाय खिळलेले, ना दान करता येणार ना तीर्थाला जाता येणार. त्यानं येशूला एवढंच म्हटलं की माझी आठवण ठेव, आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन त्याला मिळालं. आजोबांनी ती गोष्ट परत वाचायला लावली. नंतर त्यांनी नातवाला पाठवून भावाला बोलावून घेतलं.

या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू आपणहून गेला आणि मगच जक्कय उठून म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन (लूक १९:१-१०). कृपा आली की जुनी देणी आठवायला लागतात. भावाचा बांध, कामगाराचा अडवलेला पगार, खोटी साक्ष, जे जे परत करता येईल ते करावं. कायद्याची शिक्षा असेल तर ती भोगावी. देवानं क्षमा केली म्हणून कोर्टातला खटला रद्द होत नाही.

नवरा मारतो आणि 'तू ख्रिस्ती आहेस, क्षमा कर' म्हणतो. कृपा म्हणजे हेच का?

नाही, ताई. अजिबात नाही. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित जागी जा, माहेरच्यांना किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांत तक्रार द्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा तुमच्या बाजूनं आहे. कुणी मंडळीच्या नावासाठी गप्प बसायला सांगत असेल तर तो कृपेची शिकवण देत नाही. पश्चात्ताप नवऱ्यानं करायचा आहे आणि तो वागण्यातून दिसावा लागतो.

कृपा असेल तर आजार, नुकसान, पूर का?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका, शहरातला नदीकाठ, कुठंच पाण्यानं धर्म विचारला नाही. प्रार्थना करणाऱ्यांची घरं बुडाली, न करणाऱ्यांचीही. "आमचं काय चुकलं?" हा प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांच्यावर देवाचा राग होता, असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असं विचारून येशूनं स्वतःच त्याला नाही म्हटलं आहे (लूक १३:४-५).

पौलाला शरीरात एक काटा होता. तो काढ म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ. १२:९). काटा निघाला नाही. मी हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी चटकन म्हणत नाही. ते ज्याचं त्याला आतून कळावं लागतं. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, आम्हीही करतो. औषध बंद करू नका. आणि बरं वाटलं नाही तर विश्वास कमी पडला असं कुणाला म्हणू नका.

नवस बोलला तर चालतो का?

नवसासारखी प्रार्थना ख्रिस्ती घरांतही सर्रास होते. "पोराला नोकरी लागू दे, पहिला पगार चर्चला देईन." पगार द्या, आनंदानं द्या. पण त्या पैशानं देवाचा हात हलला असं समजू नका. ज्यानं स्वतःचा पुत्र दिला त्याच्याशी घासाघीस कशाला करायची? मागायचं ते लेकरासारखं मागावं.

एका सभेत आशीर्वादासाठी पैसे मागितले. द्यावेत का?

देऊ नका. शोमरोनातल्या शिमोनानं पवित्र आत्म्याचं सामर्थ्य पैसे देऊन मागितलं तेव्हा येशूचा शिष्य पेत्र यानं त्याला सडकून झापलं (प्रेषितांची कृत्ये ८:१८-२३). पाच हजार भरा म्हणजे पन्नास हजार येतील, ही तेलाची बाटली घ्या म्हणजे कर्ज फिटेल, असं सांगणारा कितीही मोठ्या व्यासपीठावर उभा असो, तो फुकट मिळालेली गोष्ट विकतो आहे. मंडळीच्या कामासाठी वर्गणी देणं वेगळं. तिची पावती असते आणि ती न देणाऱ्यालाही प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि प्याला) मिळतं. उलट बाजूनंही तेच खरं. पैसे किंवा नोकरी दाखवून कुणाला विश्वासात आणणं हा कृपेचा अपमान आहे.

आपल्या संतांनीही कृपेबद्दल सांगितलंय. मग फरक काय?

देवापुढं आपण रिते आहोत आणि त्यानंच पदरात घ्यावं, ही आर्तता वारकरी अभंगांत ओतप्रोत आहे. ती ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला कृपा समजायला सोपी जाते, हे मी कृतज्ञतेनं म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, पण तुकोबांवरचं त्यांचं प्रेम आटलं नाही. ख्रिस्तासाठी त्यांनी अभंगच लिहिले आणि कीर्तनंच केली. आमच्या उपासनेत आजही ती पदं पेटी-तबल्यावर गातात.

फरक ख्रिस्ताच्या वधस्तंभाशी आहे. ख्रिस्ती विश्वास म्हणतो, की कृपा इतिहासात एका ठिकाणी, यरुशलेमेबाहेर, रक्त सांडून दिली गेली आणि ती सगळ्यांसाठी एकदाच पुरेशी आहे. हे मान्य करायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. कुणाच्या श्रद्धेला कमी लेखून तो होत नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात या विषयावर भांडण आहे ना?

होतं, आणि मोठं होतं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले तिथून ठिणगी पडली. प्रोटेस्टंट म्हणतात, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे देव पाप्याला नीतिमान ठरवतो. कॅथलिक शिकवणीत कृपा माणसाच्या आत ओतली जाते, सात संस्कारांतून वाढते आणि माणूस तिला साथ देतो. मात्र सुरुवातीची कृपा कुणाच्याही पुण्याईनं मिळत नाही हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनंही १५४७ मध्ये सांगितलं होतं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग इथं कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही तिच्याशी जोडल्या गेल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत. लग्नघरात या कारणावरून सोयरीक मोडण्याइतके मात्र ते उरलेले नाहीत.

एकदा मिळालेली कृपा जाते का?

रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या शिकवणीतून आलेली प्रोटेस्टंट) परंपरा म्हणते, देव आपल्या माणसाला शेवटपर्यंत धरून ठेवतो. वेस्लीच्या आणि कॅथलिक परंपरेत माणूस जाणूनबुजून पाठ फिरवू शकतो. पण हा प्रश्न भीतीपोटी विचारत असाल तर ऐका: ज्याला जाण्याची भीती वाटते त्यानं पाठ फिरवलेली नाही.

मला काहीच जाणवत नाही. इतरांना रडू येतं, मला येत नाही.

काही हरकत नाही. कृपा देवाच्या वचनावर उभी आहे, आपल्या अश्रूंवर नाही.

ती घ्यायची कशी? नेमकं काय करू?

येशूनं दोन माणसांची प्रार्थना शेजारी शेजारी ठेवली आहे (लूक १८:९-१४). धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आपले उपवास आणि दशांश मोजून दाखवतो. लोक ज्याला पापी समजत असा जकातदार दूर उभा राहतो, वर बघायचं धाडसही त्याला होत नाही, आणि छाती बडवून एवढंच म्हणतो, की हे देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

तिथूनच सुरुवात करा. दार लावून बसा, जे लपवलं आहे ते नाव घेऊन सांगा. "माझं चुकलंच असेल काही" असं मोघम नको. कुणाशी, काय, ते बोला. मग ख्रिस्तानं ते स्वतःवर घेतलं यावर विसंबा आणि त्याचे आभार माना. आपल्या मराठीत, घरच्या बोलीत प्रार्थना केली तरी पोचते.

पुढे रोजचं वाचन ठेवा. लूकच्या शुभवर्तमानापासून सुरू केलंत तर बरं, कारण वरचे बहुतेक प्रसंग तिथंच आहेत. आणि एकट्यानं राहू नका. उपासना, प्रभुभोजन, एकमेकांपुढं कबुली, आजाऱ्याची भेट, यांना आपल्याकडं कृपेची साधनं म्हणतात. कुणाला आपण क्षमा करायची बाकी असेल तर तेही यातच येतं. ज्याचं प्रचंड कर्ज माफ झालं तो चाकर शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो, ती गोष्ट मत्तयच्या अठराव्या अध्यायात वाचा.

घरचे तयार नाहीत. त्यांच्याशी वाद घालू का?

नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंचे किती हाल झाले हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या आल्या त्या पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या विचारानं. घरातल्यांचा मान ठेवा, आईवडिलांची सेवा आधीपेक्षा जास्त करा, विचारलं तर सांगा.

कोल्हापुरात उपासनेला यायचं असेल तर? मी ख्रिस्ती नाही.

या की! वाइल्डर मेमोरियल चर्च, ऑल सेंट्स चर्च अशी जुनी चर्च शहरात आहेत, कॅथलिक चर्च आहे, उपनगरांत आणि आसपासच्या गावांतही लहान मंडळ्या आहेत. रविवारची वेळ आधी विचारून घ्या. बायका बहुधा डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, पण नवीन माणसाला त्यावरून कुणी टोकणार नाही. गीतांचं पुस्तक शेजारचा माणूस पुढे करेल. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. ती वेळ आली की जागेवर शांत बसून राहिलं तरी चालतं, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. दानाची थैली फिरली तर पुढे सरकवा. शेवटच्या आशीर्वादानंतर पाळकसाहेब दाराशी उभे असतात. तिथं गर्दीत बोलणं होत नाही, म्हणून आठवड्यातला एखादा निवांत वार मागून घ्या आणि यातला जो प्रश्न मनातून जात नाही तोच आधी विचारा.